सेकंडहँड वॉशिंग मशीन रिकॉलमध्ये निघालं, कंपनी म्हणते मूळ बिल आणा. आता धरायचं कुणाला?

विश्रामबागी
मंडळी, जरा सल्ला पाहिजे. सांगलीत शंभर फुटी रोडकडच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातनं फ्रंटलोड मशीन घेतलं, साडेनऊ हजाराला. पैसे यूपीआयनं दिले. पावती म्हणजे वहीचं फाडलेलं पान, त्यावर 'जुने मशीन १ नग, चालू करून दिले' आणि दुकानाचा शिक्का. मशीन झकास चालत होतं. गेल्या आठवड्यात पाणी सोडताना खडखड यायला लागली म्हणून मेकॅनिक बोलावला, त्यानं दार उघडून आतल्या कडेचं स्टिकर बघितलं आणि पंप राहिला बाजूला, म्हणाला साहेब हा नंबर कंपनीनं परत बोलावलेल्यातला आहे, हिटरच्या जोडणीपाशी वायर तापून पेट घ्यायची भीती. साईटवर सिरियल नंबर टाकला तर खरंच आलं, 'वापर ताबडतोब थांबवा, मोफत दुरुस्तीसाठी संपर्क करा'.

संपर्क केला. पोरगी गोड आवाजात म्हणते मूळ खरेदीचं बिल आणि मूळ ग्राहकाचा मोबाईल नंबर द्या. तो कुठनं आणू? दुकानदार म्हणतो जुना माल आहे, एकदा दुकानाची पायरी उतरला की विषय संपला. पहिला मालक कोण तेपण सांगत नाही, कुणी बदली झालेले साहेब होते म्हणे.

कंपनीला हे करून द्यावंच लागतं का? का दुकानदाराला धरायचं? का गप भंगारात घालायचं?

भडंगप्रेमी
साडेनऊ हजारात मशीन आणि वर शेगडी फुकट. दुकानदारानं जादा पैसे मागितले नाहीत हे नशीब म्हण.

वायरमन_दादा
कायद्याचं नंतर बघा, आधी प्लग उपसून काढ. नुसतं बटण बंद करू नको, पिन बाहेर. आणि 'थंड पाण्यावर चालवतो, मग हिटर लागतच नाही' ही हुशारी करू नको, बरेच जण करतात. काही मशीनमध्ये हिटरचा रिले, म्हणजे आतला आपोआप चालणारा स्विच, एकच बाजू तोडतो, दुसऱ्या बाजूला करंट असतोच.

हे नेमकं होतं काय ते सांगतो. हिटर साधारण दोन हजार वॅटचा, म्हणजे आठ-नऊ अँपिअर. त्याच्या पिनवर जी चपटी टोपी बसवलेली असते ती सैल असली किंवा कमी दाबाची आली की तेवढ्याच जागी रेझिस्टन्स वाढतो आणि ती जागा तापते. आधी वायरचं प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, मग कुरकुरीत. आणि लोक म्हणतात एमसीबी आहे की, पडेल. नाही पडत! एमसीबी जादा करंटला पडते, इथं करंट तेवढाच आहे, फक्त एका टोकाला भाजतंय. आरसीसीबी बसवली असेल तर ती करंट जमिनीत गळला तर पडते, तेही इथं सुरुवातीला होत नाही. म्हणून असलं मशीन वर्षभर गुणी पोरासारखं वागतं आणि एक दिवस मागच्या भिंतीला काळं करतं.

हिशेबी_काका
स्पष्ट बोलतो, राग मानू नये. नव्याची किंमत तीस-पस्तीस हजार. साडेनऊला घेताना वीस-पंचवीस हजार वाचले ते कशाचे? जोखमीचेच की. जुनं घ्यायचं आणि हक्क नव्याचे मागायचे हे मला पटत नाही. उद्या जुन्या बाजारातनं चप्पल घ्याल आणि अंगठा तुटला म्हणून कारखान्यात जाल.

विश्रामबागी
काका, अंगठा तुटला तर मी अनवाणी येईन, इथं घर पेटायचा प्रश्न आहे. खाली पहिल्या मजल्यावर घरमालकाच्या म्हाताऱ्या आई झोपतात.

काळा_कोट
काका, जोखीम घेतली ती झिजण्याची, बिघडण्याची. कारखान्यातनं निघतानाच आत राहिलेल्या दोषाची नाही. तो दोष पहिल्या मालकाकडे होता तसाच आज आहे.

आता मूळ प्रश्न. मी साताऱ्यात वकिली करतो, ग्राहक आयोगाची कामं असतात (लोक अजून ग्राहक मंचच म्हणतात, चालतंय). २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात कलम २(७) मध्ये ग्राहक कोण ते लिहिलंय: मोबदला देऊन वस्तू घेणारा. नवी का जुनी, असा भेद तिथं केलेला नाही. वगळलंय ते पुन्हा विकण्यासाठी किंवा धंद्यासाठी घेणाऱ्याला. म्हणजे तू त्या दुकानदाराचा सरळसरळ ग्राहक आहेस, वहीचं पान असो नाहीतर सोन्याचा पत्रा असो. उलट पक्कं बिल न देणं ही त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, जुनी वस्तू रंगरंगोटी करून नवी म्हणून विकणं पण त्यातच येतं. दोषी वस्तू परत न घेणं हेही. पावतीवर मुदत नसेल तर ती तीस दिवस धरतात.

कंपनीचं वेगळं आहे. तुझा तिच्याशी व्यवहार नाही, पण कलम ८२ ते ८७ मध्ये उत्पादन दायित्व म्हणून प्रकरण आहे. सदोष वस्तूनं माणसाला इजा झाली किंवा दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं तर उत्पादकाकडे भरपाई मागता येते, तिथं 'तू माझ्याकडनं घेतलं नाहीस' हे उत्तर चालत नाही. मेख अशी की त्या प्रकरणात खुद्द वस्तूचं नुकसान धरत नाहीत. स्वयंपाकघर जळलं तर दावा, नुसतं मशीन जळलं तर ह्या कलमाखाली नाही.

भडंगप्रेमी
म्हणजे स्वयंपाकघर जळेपर्यंत थांबायचं का वकीलसाहेब?

काळा_कोट
थांबायचं नाही, म्हणून तर रिकॉल असतो. आणि इथंच कस्टमर केअरची गल्लत होतेय. मूळ बिल लागतं ते वॉरंटीला. वॉरंटी म्हणजे कंपनीनं ग्राहकाला दिलेला शब्द, त्याला मुदत असते, पहिल्या खरेदीदाराची अट असू शकते. रिकॉल हा त्या मशीनमागे असतो, कुणाच्याही घरात असो. विश्रामबागी, साईटवरची ती नोटीस पूर्ण वाच. त्यात 'फक्त मूळ खरेदीदारास' असं कुठं लिहिलंय का? लिहिलं नसेल तर फोनवरची मुलगी तिच्या समोरच्या वॉरंटीच्या फॉर्मातले रकाने वाचून दाखवतेय एवढंच.

विश्रामबागी
वाचली. कुठंच नाही. उलट लिहिलंय 'खालील क्रमांकांचे मशीन वापरणाऱ्या सर्वांनी'.

काळा_कोट
झालं तर मग. ते पान पीडीएफ करून ठेव, वर तारीख दिसली पाहिजे. असली पानं गुपचूप बदलतात.

अकराशेवाला
ह्यावरनं नोकियाची बॅटरी आठवली. २००७ चा ऑगस्ट. बीएल-५सी बॅटरी तापते म्हणून कंपनीनं जाहीर केलं, मात्सुशिताने केलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या, डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ मधल्या. गावात तर अफवा की फोन फुटतो. आमचे चुलते फोन उशाखाली न ठेवता गोठ्यात ठेवायला लागले, म्हशीचं काय व्हायचं ते होऊ दे. तेव्हा निम्म्या गावाचे फोन सेकंडहँडच होते, बिल कुणाकडं होतं? पण बॅटरीवरचा २६ आकडी नंबर बघायचा, यादीत असेल तर बदलून. फोन कुणाकडनं घेतला हे कुणी विचारलं नाही.

लीड्सहून_सातारी
अकराशेवाल्यांचा मुद्दा बरोबर, सगळीकडे नंबरच चालतो. इकडे ब्रिटनमध्ये व्हर्लपूलच्या कपडे वाळवायच्या मशीनचं मोठं प्रकरण झालं. एप्रिल २००४ ते सप्टेंबर २०१५ मध्ये केलेली मशीनं, कपड्यांचा जो लिंट म्हणजे कापसासारखा भुगा निघतो तो हिटरला लागून पेटायचा. २०१५ ला जाहीर केलं तेव्हा रिकॉल म्हटलंच नाही. घरी येऊन सुधारून देतो म्हणाले, तोवर लक्ष ठेवून वापरा. लोक महिनोन् महिने वाट बघत बसले. २०१७ मध्ये सरकारी दबावानं सल्ला बदलला, प्लग काढून ठेवा. आणि पूर्ण रिकॉल २०१९ ला. म्हणून नोटिशीत 'दुरुस्तीपर्यंत काळजीपूर्वक वापरा' असं असलं तरी विश्वास ठेवू नका.

अमेरिकेत तर २००८ पासून रिकॉल झालेली वस्तू विकणंच बेकायदेशीर आहे, त्यात जुन्या वस्तूंची दुकानंही आली.

मिरजेची_मावशी
रिकॉलचं राहू द्या, आपल्याकडं महापुराच्या मालाचं काय ते बोला. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, गणपती पेठ, मारुती रोड, हरभट रोड सगळं पाण्यात. फ्रिज, मशीन, टीव्ही आठवडाभर त्या गढूळ पाण्यात. पाणी ओसरल्यावर ट्रकच्या ट्रक माल गेला, विमेवाल्यांनी टोटल लॉस केलेला आणि लोकांनी किलोवर दिलेला. तो काय सगळा वितळवला का? धुऊन, पुसून, पुढच्या दिवाळीला 'नोकरदाराचं, कमी वापरलेलं' म्हणून परत आला. २०२१ ला पुन्हा तेच. माझ्या भाच्यानं असाच फ्रिज घेतला. दिसायला आरसा. खालची कंप्रेसरजवळची जाळी काढली तर फटीत बारीक चॉकलेटी गाळ, अजून वास येत होता नदीचा. असल्या मालाचा कुठं रिकॉल निघतो?

वायरमन_दादा
मावशी लाखातलं बोलल्या. पुराच्या पाण्यातनं निघालेल्या मशीनमध्ये गाळ वाळला तरी त्यातला क्षार राहतो, पावसाळ्यात हवा दमट झाली की तो पुन्हा करंट वाहून न्यायला लागतो. आतल्या सर्किटच्या कार्डावर हिरवट बुरशी दिसली, स्क्रूच्या डोक्याला गंज आणि पत्रा मात्र चकचकीत, की समजायचं. जुनं घेताना मागचं झाकण उघडून दाखव म्हणायचं. नाही म्हटला तर चालायला लागायचं.

आणि अर्थिंग! अर्ध्या सांगलीत तिसऱ्या पिनला वायरच नाही, नुसतं भोक आहे.

बोरगावचा_बाप्या
आमच्यात गिझरला अर्थिंग म्हणून नळाच्या पायपाला वायर गुंडाळली होती. मग पाईप प्लास्टिकचा झाला, वायर तशीच.

वायरमन_दादा
बाप्या उद्या फोन कर मला. विनोद नाही.

जुना_माल_कुपवाड
बरेच दिवस नुसतं वाचतोय, आता बोलतो कारण माझा धंदाच हा आहे. (ते दुकान माझं नाही, शंभर फुटीवर मी नाही.) सगळे जण दुकानदाराला झोडायलाय, आमची बाजू ऐका. एक मशीन मी पाच-सहाला उचलतो, टेम्पो, हमाली, धुणं, बेअरिंग, गॅस्केट, करून आठ-नऊला देतो. त्यात कंपन्या ढीगभर, त्यांच्या साईटी इंग्रजीत, कुठलं मॉडेल कधी परत बोलावलं हे मला कोण सांगणार? पेपरात कोपऱ्यात जाहिरात येते ती पहिल्या मालकानं पण वाचलेली नसते. जाणूनबुजून पेटतं मशीन कुणी विकत नाही, गिऱ्हाईक गावातलंच असतं, दुसऱ्या दिवशी दारात येतं.

काळा_कोट
तुमचं म्हणणं प्रामाणिक आहे. पण सिरियल नंबर साईटवर टाकायला दोन मिनिटं लागतात, बेअरिंग बदलायला अर्धा दिवस. तुम्ही हा धंदा म्हणून करता, म्हणून कायद्याच्या नजरेत तुम्ही विक्रेते. घरगुती माणसानं ॲपवर आपलं मशीन विकलं तर त्याचं वेगळं, तो धंदा करत नाही, त्याच्यावर ग्राहक आयोगात जाता येत नाही. तिथं दिवाणी कोर्ट. माहीत असून दोष मुद्दाम झाकला असेल तर करार कायद्यात ती फसवणूक ठरते, पण त्याला माहीत होतं हे सिद्ध तुम्ही करायचं.

आणि दुकानदारांनो, तुम्ही आत वायरिंग फिरवलं, दुसऱ्या कंपनीचा पार्ट घातला की कंपनीला सोपं जातं. 'वस्तूत बदल केलेला होता' म्हणायला मोकळे. जे बदलता ते पावतीवर लिहा, ते तुमच्याही भल्याचं आहे.

जुना_माल_कुपवाड
लिहितो की. पण गिऱ्हाईकच म्हणतंय बिल नको, जीएसटी नको, दोनशे कमी करा.

हिशेबी_काका
हे मात्र शंभर टक्के खरं. बिल नको म्हणणारे आपणच.

गोडोलीची_ताई
मधेच विचारते, कुकरचं पण असंच असतं का? सासूबाईंनी ऑनलाईन मागवलेला कुकर आहे, त्यावर आयएसआय नाही.

काळा_कोट
ताई, कुकरचं तर गाजलेलं उदाहरण आहे. घरगुती प्रेशर कुकरला आयएसआय सक्तीचा आहे, फेब्रुवारी २०२१ पासून. तरी ऑनलाईन बिगर-आयएसआय विकले गेले म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं, म्हणजे सीसीपीएनं, २०२२ मध्ये ॲमेझॉनला आदेश दिला: विकलेले २,२६५ कुकर परत बोलवा, गिऱ्हाइकांना कळवा, पैसे परत करा, वर एक लाख दंड. फ्लिपकार्टला ५९८ कुकरांचा तसाच. ॲमेझॉन त्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात पण गेलं. परत बोलवायचा आणि किंमत परत द्यायला लावायचा अधिकार कलम २० मध्ये आहे. तुमच्या कुकरवर शिक्का आणि खाली सीएम/एल नंबर (म्हणजे परवान्याचा नंबर) असला तर भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा खरा आहे का. शिक्काच नसेल तर त्यात बटाटेपण उकडू नका.

पुण्यात_अडकलेला
एक शंका. कलम २० मध्ये पैसे परत 'खरेदीदाराला' आहे ना? मग कंपनीनं उद्या दुरुस्तीऐवजी पैसे द्यायचं ठरवलं तर कुणाला? पहिल्याला, ज्यानं पस्तीस हजार मोजले पण मशीन विकून मोकळा झाला? का ह्याला, आणि मग किती, साडेनऊ का पस्तीस?

हिशेबी_काका
हाच माझा मुद्दा होता, फक्त मला एवढा नीट मांडता आला नाही. पस्तीस मागणं अन्याय.

काळा_कोट
पस्तीस कुणी देणारही नाही. माझं मत असं की मशीन ज्याच्या ताब्यात, उपाय त्याला. पहिल्यानं ते विकून त्याचे पैसे वसूल केलेत, त्याला आता धोका नाही. रक्कम जास्तीत जास्त यानं मोजलेली, आणि तीसुद्धा दुकानदाराकडनं मागायची, कारण ती त्यानं घेतली. म्हणून मी म्हणतो दोन भांडणं एकत्र करू नका. कंपनीकडे दुरुस्ती, दुकानदाराकडे पैसे. आणि दुरुस्ती फुकट नीट होत असेल तर दुकानदाराकडे भांडायला उरतं काय, फार तर टेम्पोभाडं. आमच्यातले काही जण याच्या उलट बोलतील, त्यांनी बोलावं.

पुण्यात_अडकलेला
मी तरी पैसे घेऊन मोकळा झालो असतो. एकदा जळका पार्ट निघालेलं मशीन परत बाथरूममध्ये ठेवायचं, आंघोळ करताना मन लागेल का?

वायरमन_दादा
पार्ट बदलला की मन लागायला हरकत नाही. नव्या मशीनमध्ये काय, त्यात अजून कळलेलं नाही एवढंच.

विश्रामबागी
अपडेट देतो. फोनवर भांडायचं सोडलं. तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल साईटच्या तळाशी बारीक अक्षरात होता, त्यावर मराठीतच लिहिलं: सिरियल नंबर अमुक, स्टिकरचा फोटो, तुमच्या नोटिशीतलं वाक्य जसंच्या तसं, वापर थांबवलाय, मशीन माझ्या ताब्यात आहे, जुनं घेतलंय हेही लपवलं नाही, लेखी उत्तर द्या. सोबत १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर पण तक्रार नोंदवली, तिथल्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं, डॉकेट नंबर दिला. मग कंपनीचा फोन आला आणि आता बिलाचं नावच नाही! म्हणतात पत्ता पक्का करा, माणूस पाठवतो. मात्र एक बारीक पाचर मारली, म्हणे व्हिजिट चार्ज लागेल कारण वॉरंटी संपलीय.

काळा_कोट
पुन्हा वॉरंटी! नोटिशीत मोफत म्हटलंय ना? मग व्हिजिट चार्ज कसला. 'नोटिशीप्रमाणे मोफत, शुल्क लागू असेल तर कोणत्या अटीनुसार ते लेखी कळवा' एवढं उत्तर टाक. लेखी ते देत नाहीत.

नाहीच ऐकलं तर जिल्हा आयोग. तू राहतोस तिथं, म्हणजे सांगलीतच दावा दाखल करता येतो, कंपनीचं ऑफिस मुंबईत असो का गुडगावात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही (हे मीच सांगतोय बघा), ऑनलाईन ई-जागृती पोर्टलवर पण होतं. मुदत दोन वर्षं.

भडंगप्रेमी
वकीलच म्हणतोय वकील नको, कलियुग संपलं वाटतं.

विश्रामबागी
चार्ज माफ झाला. माणूस येऊन गेला. मागचं झाकण काढलं तेव्हा मीपण टॉर्च धरून बघितलं, हिटरच्या दोन टोप्यांपैकी एकीचं पांढरं प्लास्टिक खरंच तपकिरी झालेलं, बोटानं दाबलं तर भुगा पडला. पूर्ण वायरचा जुडगा आणि हिटर बदलला. वायरमनदादा म्हणाले होते तस्सं.

वायरमन_दादा
जुना जुडगा ठेवून घेतलास का? आणि जॉबशीटवर 'रिकॉल अंतर्गत' लिहून घे, नुसतं 'सर्व्हिस केली' नको. सिरियल नंबर पण त्यावर पाहिजे.

विश्रामबागी
जुडगा तो घेऊन गेला, कंपनीला दाखवावा लागतो म्हणे, पण फोटो काढलेत. जॉबशीटवर लिहून घेतलं, सही-शिक्क्यासकट. दुकानदाराला ती दाखवायला गेलो तर म्हणतो बरं झालं, आता मशीन नव्यासारखं झालं, विकायचं असेल तर माझ्याकडेच आणा, अकरा हजार देतो.

जुना_माल_कुपवाड
मी साडेअकरा देतो. जॉबशीटसकट.

मिरजेची_मावशी
आणि खडखड? पंपाचं काय झालं शेवटी?

विश्रामबागी
ते रिकॉलमध्ये बसत नाही म्हणाला मावशी. आत एक रुपयाचं नाणं आणि केसाचा चाप होता, तो आमचा नाही, बदलीवाल्या साहेबांच्या घरातला असणार.